तुझी भीती माझ्याकडे ठेवून गेलीस

कुंदा, तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही, आणि माझा कान अजून तुझ्या श्वासावरच असतो. परवा बँकेत रांगेत उभी होते. मागची बाई जिना चढून आलेली, धापा टाकत होती. मी वळून तिला विचारलं, 'पाठीत दुखतंय का तुमच्या? जरा बसून घ्या.' ती बिचारी दचकली. मी डॉक्टर आहे की वेडी, हे तिला कळेना. मी काहीतरी सारवासारव केली आणि काम न करताच बाहेर पडले.

गेल्या दिवाळीपासून ह्या आषाढापर्यंत मी हेच करत होते. तू चहाचा कप उचललास की तुझा हात बघायचा. हसता हसता मध्येच थांबलीस की माझं हसू तिथल्या तिथे विरून जायचं. वसंता आणि हमीद समोर पत्ते पिसत बसलेले असायचे, त्यांना कशाचा पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते मला एकटीला. आणि ते तू ठरवलं होतंस.

कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझ्याविषयी लिहिलं. मुंबईहून, नाशकाहून, एकीने तर थेट कॅनडातून. सगळ्यांची कुंदा एकच: निडर. हॉस्टेलच्या न्हाणीत जनावर निघालं तेव्हा मुली खाटांवर चढल्या होत्या आणि तू काठीला गुंडाळून ते बाहेर कुंपणावर सोडून आलीस, ही गोष्ट तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. एकाच्या गोष्टीत ते फुरसं होतं, एकीच्या गोष्टीत नाग. मी तिथे होते. ती साधी धामण होती, आणि परत आल्यावर तू माझ्याकडे पाणी मागितलंस तेव्हा तांब्या तुझ्या दातांवर वाजत होता. पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. तुझं नाव खाली आणल्यासारखं झालं असतं.

मी मुळातलीच भित्री, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत. लांज्याजवळच्या वाडीतून ट्रंक घेऊन आलेली, कोणाच्या नजरेला नजर न देणारी. तू केळशीची, बागायतदाराची मुलगी, सगळ्या हॉस्टेलभर तुझा आवाज. खोल्या वाटताना तू माझी खोली मागून घेतलीस. बाकीच्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मी जमिनीकडे. का मागितलीस, ते मी तेव्हा विचारलं नाही. खूप वर्षांनी, आपण दोघी आज्या झाल्यावर विचारलं, तर म्हणालीस, 'तुझ्याकडे कंदील चांगला होता.' मी ताणलं नाही. आता वाटतं, ताणायला हवं होतं.

आपल्या दोघींच्या नोकऱ्या, लग्नं, मुलं ह्यांत मधली वर्षं कुठे गेली कळलं नाही. मी जिल्हा परिषदेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिले, तू लांज्याच्या शाळेत गणित शिकवत राहिलीस. भाऊजी गेले, तू निवृत्त झालीस, तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की तू लेकीकडे, मुग्धाकडे पुण्याला जाणार. तू इथे नाचणे गावात लहानसं घर घेतलंस आणि एका सकाळी मला फोन केलास. 'विमल, मेंढीकोटाला चार माणसं लागतात. तू आणि मी झालो दोन. उरलेले दोन शोधून काढ.'

मी शोधले. वसंता एसटीच्या डेपोतून निवृत्त होऊन घरात बसला होता. बायको गेल्यापासून तो वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा. हमीद मिरकरवाड्यात, बंदर खात्यातली नोकरी संपवून पुतण्याच्या ट्रॉलरच्या हिशेबात नको तेवढं लक्ष घालत होता. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकाच टेबलावर पानं चिरत बसलेले आपण चौघं, पिकल्या केसांनी तुझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. पहिल्या रविवारी आपण एकमेकांच्या गोळ्या-औषधांची चौकशी करत बसलो. मग वसंताने पान चोरलं, तू त्याचा हात धरलास, आणि जणू आपण कधी उठलोच नव्हतो तसं सगळं सुरू झालं.

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यांत हलके दिवस होते, कुंदा. हे तुला कधी सांगितलं नाही. तुझे घावन, वसंताची कुरकुर, हमीदचं मासे निवडण्यावरचं प्रवचन. संध्याकाळी भाट्याच्या वाळूत फेरी. कधी लहर आली तर वसंताच्या गाडीतून गणपतीपुळे, कधी जयगड. तुम्ही तिघं पुढे चालायचात आणि मी मागून 'सावकाश' म्हणत यायची. माझ्या 'सावकाश'ची तुम्ही नक्कल करायचात. पोरं मोठी झाली, साहेब नाहीत, सासू नाही, रजेचा अर्ज नाही. आपण वय विसरलो होतो.

मग तुझं पोट दुखायला लागलं. इथल्या सोनोग्राफीत काहीतरी दिसलं आणि त्यांनी कोल्हापूरला जायला सांगितलं. तू मला म्हणालीस, 'मुग्धाला उगाच कशाला, तू चल.' आपण एसटीने गेलो. आंबा घाटात तू खिडकीशी बसून कोणत्या वळणावर कॉलेजच्या सहलीची बस बंद पडली होती ते दाखवत होतीस.

तो डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्याने कागदावर चित्र काढलं. पोटातली मोठी रक्तवाहिनी, आणि एका जागी तिला आलेला फुगा. तुझ्या किडन्या मधुमेहाने आधीच कमजोर. ऑपरेशन केलं तर त्या तग धरतील की नाही, सांगता येत नाही. नाही केलं तर हा फुगा कधी फुटेल, सांगता येत नाही. तो म्हणाला, 'मी करा असंही म्हणत नाही, करू नका असंही म्हणत नाही.' मी विचारलं, फुटला तर कसं कळेल? पाठीत एकदम कळ येईल, घाम फुटेल, असं तो म्हणाला. तू त्याला विचारलंस, ह्या गणिताचं उत्तर कोणाकडे असतं? तू त्याचे आभार मानलेस आणि कागद घडी करून त्यालाच परत दिलास.

येताना साखरप्याला गाडी थांबली. चहा घेताना तू म्हणालीस की ऑपरेशन करायचं नाही. मी म्हटलं, मुग्धाला विचारू. नाही. वसंता-हमीदला सांगू. नाही. मी रडायला लागले तर तू माझ्या बशीत चहा ओतलास, लहान मुलीला देतात तसा. म्हणालीस, 'त्यांना कळलं तर माझ्याशी मुद्दाम हरायला लागतील गो. मला ते नको.'

मी कबूल झाले. एक तर तुला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि दुसरं म्हणजे तू मला निवडलं होतंस ह्याचा त्या क्षणी मला अभिमान वाटला. भीती नंतर आली. गाडी साखरप्याहून पुढे निघाली तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्या श्वासाला कान लावला.

तू बदलली नाहीस. उलट तुला जोर चढला. केळशीला जायचंच, असा तू थंडीत हट्ट धरलास. वसंताला काय, गाडी काढायला निमित्त हवं होतं. दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडून आपण गेलो. गाडी बोटीवर चढली की तू काठाला जाऊन उभी राहायचीस, वारा तुझ्या पदरात भरायचा, आणि मी तुझ्या अगदी पाठीशी उभी. हमीद म्हणाला, 'विमल, ती पडायची नाही, तूच तिला ढकलशील.' सगळे हसले. मीही हसले. मी मनात इस्पितळं मोजत होते. मागे एक राहिलं, पुढे एक आहे, मधल्या ह्या पाण्यात काहीच नाही.

केळशीत तुझ्या चुलतभावाकडे जेवण झालं. कलमांना मोहोर आला होता, सगळ्या वाडीला त्याचा वास. पुरुष ओटीवर लवंडले. मी हात धुऊन येते तोवर तू नव्हतीस. चुलतभावजय म्हणाली, समुद्राकडे गेली असेल. मी चप्पल न घालताच निघाले. वाळू तापली होती. किनारा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. मी तुला हाक मारली, मग मोठ्याने मारली, मग मारवेना. वाटलं की हाक मारत राहिले आणि उत्तर आलं नाही, तर मला सगळं कळून चुकेल.

सुरूच्या बनात तू दिसलीस. खोडाला टेकून बसलेली, पाय पसरलेले, मान एका बाजूला, डोळे मिटलेले. मी दहा-वीस हातांवर थांबले. कुंदा, मी पुढे आले नाही. मी तिथे उभी राहून तुझ्या पदराकडे बघत होते, तो हलतो का म्हणून. पण वाऱ्याने तो तसाही हलत होता, त्यावरून काही कळेना. त्या वेळात मी मनातल्या मनात तुझं सगळं करून टाकलं. मुग्धाला फोन केला, वसंताला उठवलं, तुला गाडीत घातलं, त्या दोन खाड्या परत ओलांडल्या.

तू एक डोळा उघडलास आणि म्हणालीस, 'अजून नाही.'

मी तुझ्याजवळ येऊन बसले आणि तुझ्या दंडावर चापट मारली. जोरात मारली असणार, कारण तू दंड चोळलास. मला वाटलं होतं तू चेष्टा करशील. तू समुद्राकडे बघत म्हणालीस, 'मला पण वाटते गो भीती. तुम्ही असता तेव्हा नाही वाटत. तुम्ही घरी गेलात की दाराला कडी लावते, आणि मग कडी काढून ठेवते. आत काही झालं तर कोणाला तोडावी लागायला नको.'

मी म्हटलं, मी येते राहायला. तू म्हणालीस, 'नको. तू रात्रभर जागशील, आणि मग मी पण.' हे खरंच होतं. मग तू माझा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवलास. तिथे खरोखर काहीतरी धडधडत होतं, दुसरं काळीज असावं तसं. मी हात काढून घेतला नाही. मला काढायचा होता.

त्या दुपारनंतर तू माझ्याशी ह्या विषयावर कधी मऊ बोलली नाहीस. उलट मी विषय काढला की चिडायचीस. आपलं शेवटचं भांडण मिरकरवाड्याला झालं, मे महिना संपत आला होता तेव्हा. बोटी बंद व्हायच्या आधी मासळी घेऊन ठेवू म्हणून हमीद आपल्याला जेटीवर घेऊन गेला होता. बर्फाचा चुरा पायाखाली, लिलावाचा गोंगाट. हमीद चार पावलांवर सुरमईचे कल्ले उघडून बघत होता. आणि मी तुला म्हटलं, की मला आता हे पेलवत नाही. मी रोज सकाळी तुझा मेसेज येईपर्यंत चूळही भरत नाही. तू मला ओझं दिलं आहेस.

तू म्हणालीस, 'ओझं नाही दिलं. सोबत मागितली.'

मी म्हटलं, सोबत चौघांची असते, एकटीची पहारेदारी होते. तुझा चेहरा उतरला. तू काहीतरी बोलणार होतीस, तेवढ्यात हमीद मासा उंच धरून आपल्याकडे आला. तू म्हणालीस, 'घरी गेल्यावर बोलू.' घरी गेल्यावर मासे साफ करायचे होते. मग पाऊस लागला. मग ते राहिलंच. तू काय बोलणार होतीस, कुंदा? मी दोन्ही बाजूंनी बोलून पाहिलं. तुझ्या बाजूने मला नीट बोलता येत नाही. मी तुला हरवते, आणि मग मला ते खोटं वाटतं.

शेवटचा रविवार तर साधाच होता. बाहेर धो धो पाऊस. हमीदने आपली गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली होती, आत पाणी साचलं होतं म्हणून. तो आणि वसंता बाहेरच्या खोलीत टेबल पुसत होते. तू तव्यावर घावन घालत होतीस, मी खोबरं वाटत होते. तू पळी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, 'विमल, पाठीत आलं.'

इतके महिने मी ह्याच शब्दांची वाट बघत होते. रोज मनात तालीम केलेली. गॅस बंद केला, तुला धरलं, हमीदला हाक मारली. माझा आवाज शांत होता, हे मला आठवतं. वसंता आणि हमीदने तुला खुर्चीसकट उचललं आणि त्या पाण्यातून गल्ली ओलांडली. वसंताला वाटलं तुला चक्कर आली आहे. तो तुला सांगत होता, साखर कमी झाली असेल, काही खाल्लं नाहीस तू सकाळपासून. मागच्या सीटवर तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुझ्या कपाळावरचा घाम मी पदराने टिपत होते आणि तो पुन्हा येत होता. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, 'सोडू नको.' नंतर तू काही बोलली नाहीस.

मी सोडला नाही. इस्पितळाच्या दारापाशी त्यांनी सोडायला लावला.

आतून एक डॉक्टर धावत आला, विचारायला लागला, काय झालं, आधीचं काही दुखणं? आणि मी एका दमात सगळं सांगितलं. रक्तवाहिनी, फुगा, कोल्हापूर, किडन्या, औषधांची नावं, सगळं. पाठ केल्यासारखं. तो ऐकून आत पळाला. मी वळले तर मागे वसंता उभा होता, तुझी चप्पल हातात घेऊन. तो म्हणाला, 'तुला माहीत होतं?' मी मान हलवली. त्याने तुझी चप्पल बाकाखाली नीट जोडून ठेवली आणि तो पावसात बाहेर जाऊन उभा राहिला. डॉक्टर परत आला तेव्हा वसंताला आत बोलवायला हमीदला जावं लागलं.

त्यानंतर वसंता माझ्याशी बोलला नाही. स्मशानात तो माझ्यापासून लांब, मुलांच्या घोळक्यात उभा होता. फोन उचलत नव्हता. हमीद येऊन जाऊन होता, पण एक दिवस त्याच्याही तोंडून निघालं. तो म्हणाला, 'तू सांगायला हवं होतंस असं नाही म्हणत मी. तिने शब्द घेतला होता. पण मला माहीत असतं ना विमल, तर मी गाडी गल्लीत आत घातली असती. पाणी होतं तर होतं.'

तो रागाने बोलला नाही. म्हणूनच ते आत रुतून बसलं. मी जाऊन इस्पितळातल्या त्या डॉक्टरला विचारलं, ती गल्ली ओलांडायला गेलेल्या वेळाने काही फरक पडला असता का? तो नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा नाही म्हटलं आणि मला बसायला खुर्ची दिली. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण रोज दुपारी जरा डोळा लागला की मला ती गल्ली दिसते आणि तिची लांबी वाढलेली असते.

सगळ्यांत जास्त मी मुग्धाला घाबरत होते. बारावं-तेरावं झाल्यावर तिने मला घरी बोलावलं. ती स्वयंपाकघरात होती. त्या सकाळचं घावनाचं पीठ कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आंबून, वर बुरशी धरून ते तसंच पडलं होतं. ती ते पातेलं घासत होती. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, 'मावशी, आई घाबरली होती का?'

सगळ्या ग्रुपने तिला निडर आई दिली होती. मला तीच द्यायचा मोह झाला. मग मी खरं सांगितलं. म्हटलं, हो, घाबरली होती, बरेच महिने घाबरलेली होती. शेवटी मात्र एकटी नव्हती. मुग्धाने नळ बंद केला. ती म्हणाली, 'मला ती घाबरलेली कधी दिसलीच नाही. मला दिसली असती तर मी लवकर मोठी झाले असते.' मग ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा तेव्हा रडले. त्या संध्याकाळी मी घरी येऊन मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं, आणि तुझं नाव न अडखळता घेतलं.

हे तुला सांगून इथेच थांबणार होते. पण गेल्या आठवड्यात वसंता आला.

दुपारची वेळ. त्याने छत्री दाराबाहेर टेकवली, आत येऊन बसला. मला वाटलं आता तो भांडणार. मी तयार होते, भांडण मला हवंही होतं. तो खाली बघून म्हणाला, 'विमल, मी तुझ्यावर चिडलो नव्हतो. घाबरलो होतो. तुला एक सांगायचंय. पण कोणाला बोलायचं नाही, हमीदलासुद्धा नाही. तू कोणाचं बाहेर जाऊ देत नाहीस, ते बघितलंय मी.'

कुंदा, मला साखरप्याची ती बशी आठवली. तो काय सांगणार हे मला ठाऊक नव्हतं, पण त्यानंतरच्या माझ्या सकाळी कशा असतील ते सगळं मला दिसलं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, 'मग सांगू नकोस.'

त्याने मान वर केली. मी म्हटलं, 'मला एकटीला सांगायचं असेल तर मला ऐकायचं नाही. एकदा झालं, पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही. हमीदला बोलावते. दोघांना एकदम सांग.'

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते लिहवत नाही. एवढा मोठा माणूस, छत्री घेऊन पळून जायच्या बेतात. तो उठलाही. दारापर्यंत गेला. मी त्याला अडवलं नाही, आणि मला जी भीती वाटली ती तुझ्या वेळच्या सगळ्या भीतीहून मोठी होती: हा असाच गेला आणि ह्याने कोणालाच सांगितलं नाही तर? दारात उभा राहून, पाठमोराच, तो म्हणाला, 'बोलाव.'

मी हमीदला फोन केला. तो आल्यावर वसंताने शर्टाचं वरचं बटण काढून मानेवरची गाठ दाखवली. बरेच महिने होती. कॉलर चढवून तो ती लपवत होता. हमीदने बोट लावून बघितली, मासा बघतो तशी, आणि म्हणाला, 'उद्या कोल्हापूर. गाडी मी काढतो.' वसंता म्हणाला, पाऊस ओसरू दे. हमीद म्हणाला, 'उद्या.'

तोच घाट. ह्या वेळी मी खिडकीशी बसले. तपासणीच्या खोलीत नेण्याआधी वसंताने घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला, आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'मी घाबरलोय रे.' हमीद म्हणाला, 'मी पण.' मी रडत होते आणि ते दोघांनाही दिसत होतं. समोरच्या बाकावरची एक म्हातारी उठून आली आणि तिने मला पाणी दिलं.

गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट अजून आलेला नाही. वसंताने फॉर्मवर माझा नंबर दिलाय, फोन मलाच येणार. जे काही असेल ते मी आधी त्याला सांगणार आहे, मग लगेच हमीदला, आणि मग वसंताच्या मुलांना, त्याला आवडो न आवडो. ह्या वेळी तुला विचारणार नाही.